हल्ली वाचून झालेली सहा पुस्तकं

निवृत्त झाल्यावर वाचायला भरपूर वेळ मिळतो, असं नोकरीत असताना सगळेच म्हणतात. मीही म्हणायचो. वेळ मिळतो, यात खोटं काही नाही. पण तोवर डोळे म्हणायला लागतात, आता जरा आमचंही ऐका! माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. थेंब चालू आहेत. गेलेली नजर परत येत नसते, आहे ती सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेव्हापासून माझं वाचन म्हणजे सकाळी सात ते नऊ, ओसरीवर, उन्हाकडे पाठ करून. दिवसाला पंधरा-वीस पानं होतात. त्यापुढे अक्षरं एकमेकांत शिरायला लागतात.

त्यामुळे एक झालं. पूर्वी हाताला लागेल ते वाचत होतो. आता पुस्तक उचललं की आधी मनात हिशेब होतो. हे पुस्तक माझ्या किती सकाळी घेणार, आणि त्याच्या बदल्यात मला काय देणार? मी काही समीक्षक नाही. तेव्हाच्या औरंगाबादला मराठी घेऊन बी. ए. झालो आणि पुढची तीसेक वर्षं मुलांना धडे-कविता शिकवल्या, एवढीच शिदोरी. तेव्हा खाली जे लिहितोय ती एका साध्या वाचकाची मतं समजा. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गेल्या दिवाळीपासून सहा पुस्तकं वाचून झाली. सहाही वेगवेगळ्या जातीची, एकापाठोपाठ एक वाचण्यात तसा काही संगत नव्हता. पण वाचून झाल्यावर ती एकमेकांशी बोलायला लागली, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं, शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'. १९६७ साली आलेली ही कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली होती. होस्टेलवर एकच प्रत होती आणि वाचायला नंबर लागायचे. माझा नंबर रात्री अकरानंतरचा! त्या रात्री अजून आठवतात. आता पन्नासेक वर्षांनी तीच कादंबरी पुन्हा घेतली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण, अशा सहा जणांच्या तोंडून कर्णाची कथा सांगायची, ही कल्पना आजही झकास वाटली. एकाच माणसाची हकिगत बायको सांगते ती वेगळी आणि मित्र सांगतो ती वेगळी, हे आपण घरोघरी बघतोच की.

पण या खेपेला भाषा फार जड झाली. सूर्य उगवला की पानभर तेज. रथ निघाला की पानभर धूळ. सगळ्यात खटकलं ते हे, की कर्णाबद्दल मला काय वाटायला पाहिजे ते लेखक आधीच ठरवून देतो. अठरा-एकोणीसच्या वयात ते हवं असतं. जगात आपल्यावर अन्याय झालाय असं त्या वयात प्रत्येकालाच वाटतं, आणि कर्ण हा त्या वयाचा सख्खा भाऊ. आता मात्र भर सभेत द्रौपदीला छळत होते तेव्हाच्या कर्णापाशी मला जरा जास्त वेळ बसायचं होतं. लेखक मला बसू देत नाही, हाताला धरून पुढे नेतो. दीड महिना लागला. वाया गेला असं म्हणणार नाही, पण पुन्हा वाचणार नाही हे नक्की.

गंमत पाहा, इरावती कर्वे यांचं 'युगान्त'ही त्याच वर्षी, १९६७लाच आलं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारत तेच, माणसं तीच, पण पुस्तक किती लहान! इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायच्या. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, ते काम १९१९ ते १९६६ असं चाललं. ती आवृत्ती समोर ठेवून बाईंनी एकेका माणसाची जणू उलटतपासणीच घेतली आहे. भीष्माच्या त्यागाचं आपल्याला लहानपणापासून कौतुक. बाई विचारतात, त्या त्यागाची किंमत घरातल्या बायकांनी किती मोजली? खांडववन जाळणं आपण अर्जुनाचा पराक्रम म्हणून ऐकत आलो. बाई आत जळालेल्यांकडे बघतात. आणि विदुर हाच धर्मराजाचा बाप तर नसेल, असा प्रश्न टाकतात, त्यासाठी मिळतील ते धागे पुढे ठेवतात आणि निकाल वाचणाऱ्यावर सोडून बाजूला होतात.

त्या विदुराच्या प्रकरणापाशी मी दोन सकाळी थांबलो. सौ. चहा घेऊन आली तर म्हणाली, "काल पण हेच पान होतं. डोळे दुखतात का?" म्हटलं, डोळे ठीक आहेत, डोकं थांबलंय. मग तिलाही ते सांगितलं. तिने एका वाक्यात निकाल दिला, "मग त्यात काय, सांभाळलं तर त्यांनीच ना सगळ्यांना?" आता हे उत्तर बरोबर की चूक, मला माहीत नाही. पण महाभारतावरून आमच्या घरात सकाळी आठ वाजता वाद झाला, हे 'युगान्त'चं देणं.

तेव्हा माझ्या मनात एक फूटपट्टी तयार झाली. पुस्तक कादंबरी आहे की चरित्र, मोठं आहे की लहान, गाजलेलं आहे की पडून राहिलेलं, यावर आता मी जात नाही. लेखकाने वाचणाऱ्यासाठी काही जागा ठेवली आहे का, एवढंच बघतो. जेवायला बोलावलं आणि ताटात बोट ठेवायला जागा नाही इतकं वाढलं, तर माणूस जेवणार कसा?

आता ही फूटपट्टी घेऊन एकदम खालच्या फळीवर येतो. बाबुराव अर्नाळकर! एका स्नेह्यांच्या माळ्यावर त्यांच्या दोन जुन्या रहस्यकथा सापडल्या. कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, कागद पापडासारखा. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावं आमच्या पिढीला गुरुजींच्या नावांइतकी पाठ होती. फक्त गुरुजींसमोर ती घ्यायची नसत.

बारीक टाइप आणि पिवळा कागद, मला ते वाचणं जमेना. म्हणून नातवाला म्हटलं, तू वाच, मी ऐकतो. तो आठवीत आहे, सेमी इंग्रजीत. मराठी वाचताना जोडाक्षराला अडखळतो, आणि अडखळला की पुस्तक मिटून मोबाइलकडे बघतो. पहिल्या दिवशी पाच पानं वाचली, तीही माझ्यावर उपकार म्हणून. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी मी जेवत होतो तर म्हणतो, "आजोबा, लवकर आवरा ना, तो दार उघडून आत कोण आलाय ते बघायचंय." खरं सांगतो, इतक्या वर्षांत मी वर्गात इतके मोठमोठे लेखक शिकवले, पण लवकर आवरा असं मला एकाही मुलाने म्हटलं नव्हतं!

आता मत सांगायचं तर या कथांत माणसं खरी नाहीत. श्रीमंत तो बहुधा दुष्ट, सुंदर ती बहुधा संकटात, आणि वेळ पडली की झुंजार कुठूनही हजर. पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लेखक एक दार अर्धवट उघडं ठेवतो. त्या फटीतून एक आठवीतला पोरगा मराठी वाचायला शिकला. माझ्या फूटपट्टीवर अर्नाळकर पास झाले, आणि बऱ्यापैकी मार्कांनी.

यानंतरची दोन पुस्तकं मात्र मी एकत्र सांगणार आहे. कारण माझ्या कपाटात ती शेजारी उभी आहेत आणि मला वाटतं, रात्री आपसात भांडतात.

एक म्हणजे वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली निघालं आणि तेव्हापासून शाळाशाळांतून वाचलं जातंय. अमेरिकेत गुलामाच्या पोटी जन्मलेलं पोर. पळवून नेलेल्या त्या तान्ह्या पोराला मालकाने एका घोड्याच्या बदल्यात सोडवून आणलं, आई मात्र पुन्हा कधी सापडली नाही. पुढे तोच पोरगा कॉलेज शिकतो आणि १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत जातो. १९४३ला मरेपर्यंत तिथेच. वर्षानुवर्षं कापसावर कापूस घेऊन तिथली जमीन निकस झाली होती. कार्व्हरने शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी, रताळी लावायला सांगितलं. शेंगवर्गाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे आपल्याकडचा शेतकरी 'बेवड' या एका शब्दात सांगतो. नुसता सल्ला देऊन तो थांबला नाही. १९०६पासून घोड्यांची गाडी करून शाळाच शेतकऱ्याच्या दारात नेली. भुईमूग खायच्या १०५ तऱ्हांची पुस्तिका १९१६ साली काढली. (शेंगदाण्याचं लोणी त्यानेच शोधलं असं पुष्कळ जण सांगतात, ते मात्र खरं नाही. ते आधीपासून होतं.)

या वेळी वाचताना मला सारखं आमचं शिवार दिसत होतं. आमच्याकडे पूर्णेच्या दोन्ही अंगांना काळी जमीन. एके काळी कापसात तूर, ज्वारीत मूग-उडीद असायचे. हळूहळू एकच पीक आणि त्याच्यावर फवारणी, असं झालं. २०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस खाल्ला, तेव्हा आमच्या बाजूचे लोक उभ्या पिकात नांगर घालताना मी पाहिले आहेत. कार्व्हरचं पुस्तक आमच्या तालुक्यासाठीच लिहिलंय की काय, असं वाटावं. पुस्तकाचा दोष एवढाच, की त्यातला नायक फार चांगला आहे. कुठे चिडत नाही, थकत नाही, हिशेब मागत नाही. वाचणाऱ्याने फक्त हात जोडायचे.

दुसरं पुस्तक, सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. २००२ची ही कादंबरी, २००४ला तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. आमचा तालुका १९८१पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होता, मग जालना जिल्हा झाला आणि आम्ही तिकडे गेलो. पण जिल्हे कागदावर बदलतात. चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंची बोली, पिकं आणि सावकार सारखेच! त्यामुळे 'बारोमास' वाचताना मला एकाही शब्दासाठी थांबावं लागलं नाही. उलट काही शब्द माझ्या आईबरोबर गेले असं मी समजत होतो, ते तिथे जिवंत भेटले.

एकनाथ हा एम. ए., बी. एड. झालेला शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षकाच्या नोकरीसाठी द्यायला पैसा नाही, म्हणून घरच्या शेतीत. शेती पिकत नाही, पिकली तर भाव नाही. बायको अलका वेगळ्या घरातून आलेली, तिचा जीव तिथे रमत नाही. धाकटा भाऊ मधू वेगळ्याच वाटा शोधतोय. कुणी वाईट नाही, आणि तरी घर उसवत जातं. लेखक कुणाला दोष देऊन मोकळा होत नाही, आपल्यालाही होऊ देत नाही. काही ठिकाणी पाल्हाळ आहे. शेतीच्या प्रश्नांवरची बोलणी कधी कधी भाषणासारखी लांबतात. पण ते लांबण मी सहज सोसलं, कारण पारावर माणसं असंच बोलतात.

आता भांडण सांगतो. माझा एक विद्यार्थी होता, नाव सांगत नाही. दहावीला शाळेत पहिला आला तेव्हा मी त्याला बक्षीस म्हणून 'एक होता कार्व्हर' दिलं होतं. पुस्तकात सही करून. पोरगा पुढे बी. ए., बी. एड. झाला. टीईटीसुद्धा पास झाला. मुलाखती दिल्या. एका ठिकाणी आकडा ऐकून परत आला. आता तो घरच्या दोन एकरांत शेडनेट घालून मिरचीचं बीजोत्पादन करतो. पहाटेपासून एकेका फुलाला हाताने परागीकरण. पुढे कंपनीने बी पास केलं तर पैसे, नापास केलं तर कष्ट पाण्यात.

मध्यंतरी तो भेटायला आला. मी नुकतंच 'बारोमास' संपवलं होतं, भरात होतो. म्हटलं, घेऊन जा, वाच. चार दिवसांनी पुस्तक परत घेऊन आला, कव्हर घालून, जसंच्या तसं. मी विचारलं, झालं का रे इतक्यात? तो हसला. म्हणाला, "अर्धं वाचलं सर. पुढचं वाचायची गरज नाही पडली. पुढचं मी करूनच राह्यलो ना."

काय बोलणार यावर? चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या. जाताना दारात थांबून म्हणाला, "ते कार्व्हरचं मात्र आहे बरं का सर माझ्यापाशी. पोरगी वाचते आता."

तो गेल्यावर मी बराच वेळ विचार करत होतो. कार्व्हर सांगतो, शीक आणि मातीकडे परत ये, माती तुला उभं करील. एकनाथ म्हणतो, शिकलो, मातीकडे परतही आलो, आता? माझा विद्यार्थी या दोघांच्या मधोमध शेडनेटमध्ये उभा आहे. ज्याने ते सगळं अंगावर घेतलंय त्याला ते पुन्हा छापून दाखवायची गरज नसते, हेही मला त्या दिवशी समजलं. 'बारोमास' खरं तर त्याच्यासाठी नाहीच. ते माझ्यासारख्यांसाठी आहे. महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेणाऱ्यांसाठी, आणि बाजारात मिरची महाग झाली म्हणून कुरकुरणाऱ्यांसाठी. तरीही त्याच्या पोरीच्या हातात 'कार्व्हर' आहे याचा मला आनंद झाला. का झाला ते नीट सांगता येत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी हात जोडावेत असं कुणीतरी भेटावं, शंका काढायला पुढे आयुष्य पडलंय, असं काहीतरी असेल.

सहावं पुस्तक जयंत नारळीकरांचं आत्मचरित्र, 'चार नगरांतले माझे विश्व'. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला आहे. २० मे २०२५ला नारळीकर गेले, तेव्हापासून वाचायचं मनात होतं. त्यांच्या विज्ञानकथा मी वर्गात वाचून दाखवायचो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. ज. वि. ना. उलटं करून ना. वि. ज.! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. आणि पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या माणसाने आपलं नाव बाजूला ठेवून परीक्षेला बसावं, ही गोष्ट शिक्षक म्हणून मला फार आवडते.

पुस्तक सरळ आहे. कुठे आदळआपट नाही. खरं तर काही जागी मला जरा जास्त आदळआपट चालली असती! फ्रेड हॉयल यांच्याबरोबर जगाच्या रूढ मताविरुद्ध इतकी वर्षं उभं राहायचं, तर मनात काय काय होत असेल. लेखक ते फार शांतपणे सांगतो. पण बनारसच्या घरातला एक प्रसंग वाचला आणि पैसे वसूल झाले. वडिलांनी मुलांसाठी घरात फळे लावले होते. गणितात हुशार असलेले मोरूमामा राहायला आले की फळ्यावर जयंतासाठी एक अवघड गणित लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत किंवा मुलगा हार मानेपर्यंत पुसायचं नाही. तोच मुलगा पुढे मोठा शास्त्रज्ञ झाला, आणि मुलं सही मागायला आली की म्हणायचा, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल.

माझी फूटपट्टी मला तिथे तयार सापडली. चांगलं पुस्तक मोरूमामासारखं असतं. फळ्यावर गणित मांडतं आणि आपण बाजूला होतं. 'युगान्त'ने मांडलेलं सौ.ने एका वाक्यात सोडवलं, मला अजून सुटलेलं नाही. अर्नाळकरांचं गणित सोपं, पण पोराला हातात खडू घ्यायला लावणारं. आणि 'बारोमास'ने जे लिहिलंय ते वीस वर्षांहून जास्त काळ आमच्या शिवारात तसंच आहे. कुणी पुसलं नाही, कुणी सोडवलंही नाही.

असो. पुढच्या सकाळींसाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून ठेवली आहेत. पूर्वी त्यातला धडा शिकवला होता, आता सबंध पुस्तक सावकाश वाचीन म्हणतो. तुम्ही हल्ली काय वाचलंत, तेही जरूर कळवा. कुठल्याही प्रकारचं चालेल, रहस्यकथेलाही हरकत नाही. अट एकच. टाइप जरा मोठा असावा!